दुपारचे राग, घरचं घड्याळ
(वाचकांचे प्रश्न, गायिकेची उत्तरं)

‘गाणं आणि घर’ या विषयावर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात छापलं होतं. पत्रं भरपूर आली. बहुतेक बायकांची आहेत. एक पुरुषाचं आहे आणि एका सासूबाईंचं, ती दोन्ही मुद्दाम घेतली आहेत. ‘समतोल कसा साधायचा’ हे जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. मला हा प्रश्न लग्न झाल्यापासून विचारला जातोय. माझ्याबरोबर गावोगाव फिरणाऱ्या, तीन मुलांचे बाप असलेल्या तबलजींना तो कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. हे एकदा बोलून टाकलं, आता पत्रांकडे वळते.

प्रश्न : ताई, मी गाण्यातली विशारद (पदवीच्या तोडीची परीक्षा) आहे. लग्नाला चार वर्षं झाली, मुलगा दहा महिन्यांचा. एकत्र कुटुंब, घरात सात माणसं. बाळंतपणापासून रियाज बंदच पडलाय. परवा बसले तर वरचा सा लागेना आणि तान मध्येच तुटायला लागली. घरात कुणी ‘गाऊ नको’ म्हणत नाही, पण ‘आता क्लास काढ, चार पोरं शिकव, घरबसल्या होईल’ असं सगळ्यांचं म्हणणं. मला अलंकार, म्हणजे विशारदच्या पुढची परीक्षा, करायचीय, मैफली करायच्यात. रात्री तीनदा उठावं लागतं, पहाटेचा रियाज कुठून करू? माझं गाणं संपलं का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही संपलं. आधी गळ्याचं बघू, घराचं नंतर.

बाळंतपणानंतर तान तुटते ती पुष्कळदा गळ्यामुळे नव्हे, पोटामुळे. नऊ महिने पोटाचे स्नायू ताणलेले असतात आणि तानेला लागणारा दमाचा आधार तिथूनच येतो. सिझेरियन झालं असेल तर आणखी सबुरी धर. गमकेच्या (स्वर जोरानं हलवत घेतलेल्या) ताना, जोरकस अंग पुन्हा सुरू करण्याआधी तुझ्या डॉक्टरांना सरळ विचार, ‘पोटावर जोर आला तर चालेल का?’ त्यात लाजायचं काही नाही. दुसरी गोष्ट झोपेची आणि पाण्याची. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी जास्त लागतं आणि तेच प्यायचं राहून जातं, मग गळा कोरडा. रियाजाला बसताना तांब्याभर पाणी ढोसून उपयोग नाही, ते दिवसभर पोटात जायला हवं.

वरच्या सा चा नाद काही महिने सोड. पेटीच्या काळी चारला सा धरून गात असशील तर जरा खाली, पांढरी पाचमध्ये ये, तेही जड वाटलं तर काळी तीन. कुणी हसत नाही. आकारात, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात एकेक स्वर दम पुरेल तोवर लाव. पंचमाच्या खाली जाता आलं तर उत्तम, नाही तर पंचमावरच थांब. वीस मिनिटं हा खालच्या स्वरांचा रियाज, म्हणजे खर्ज, दहा मिनिटं सावकाश पलटे (स्वरांचे उलटसुलट क्रम), मग एकच राग. एवढं रोज झालं तरी गळा टिकतो. वाढवायचं पुढच्या वर्षी बघू. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचं तुला माहीत असेल. शाहू महाराजांच्या दरबारी ते इथं कोल्हापुरात होते. त्याच्या आधी, ऐन उमेदीत, दिवसचे दिवस गाऊन त्यांचा आवाज बसला होता आणि बराच काळ गळा साथ देत नव्हता. आवाज परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. जयपूर-अत्रौलीची आज आपण ऐकतो ती पेचदार गायकी त्या बदललेल्या आवाजानं घडवली. त्यामुळे ‘पहिल्यासारखा लागत नाही’ या वाक्याला मी फार किंमत देत नाही.

आता वेळ. पहाटेचा रियाज चांगला, यात वाद नाही. पण रात्रभर जागलेल्या बाईनं पहाटे पाचला तंबोरा घेऊन बसणं म्हणजे गळ्यावर आणि तब्येतीवर दोन्हीकडून घाव. तुझ्या घरात कोणती वेळ मोकळी असते? मी पैजेवर सांगते, दुपारी दीड ते साडेतीन. जेवणं उरकलेली, पुरुषमाणसं बाहेर, बाळ झोपलेलं, सासूबाई आडव्या झालेल्या. ती तुझी वेळ. आणि त्या वेळेचे राग काय कमी आहेत? वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, गौड सारंग, सामंत सारंग, उन्हं कलायला लागली की भीमपलास, पटदीप, मग मुलतानी. मैफली सगळ्या संध्याकाळी होतात, त्यामुळे दुपारचे राग श्रोत्यांच्या कानावर फारसे पडतच नाहीत. जिच्याकडे घासून-पुसून तयार केलेला तासाभराचा शुद्ध सारंग आहे, तिला सकाळच्या लांबलेल्या सत्रात बोलावणं येतं आणि लोक लक्षातही ठेवतात. माझी स्वतःची ओळख भीमपलास आणि मुलतानी अशी झाली, त्याचं कारण एवढंच की आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात मला दुपारच मिळायची. संध्याकाळचा यमन दुपारी घोटलास म्हणून पाप लागत नाही. रागाची वेळ पाळायची ती मैफलीत.

घरातली दुसरी गोष्ट तंबोऱ्याची जागा. तो गवसणीत घालून कपाटावर गेला की रियाज गेला, असं धरून चाल. लाव-जुळव करायला दहा मिनिटं, पावसाळ्यात हवा दमट, तारा उतरलेल्या, त्यात बाळ उठतं आणि दिवस बुडतो. म्हणून रोजच्यासाठी मोबाईलवरचा किंवा पेटीतला इलेक्ट्रॉनिक तंबोरा खुशाल लाव. पण खरा तंबोरा कोपऱ्यात उभा, उघडा, हाताला येईल असा ठेव आणि आठवड्यातून एकदा तरी तो जुळवून बस. जवारी (तारेचा गुंजणारा नाद) बिघडली असेल तर मिरज तासा-दीड तासावर आहे. तिथले कारागीर सुताचा एक धागा सरकवून काय जादू करतात ते बाळाला घेऊनच बघून ये.

आता सात माणसांचं घर. आपलं गाव पैलवानांचं. खासबागेचं कुस्तीचं मैदान आणि महाराजांचं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, दोन्ही एकमेकांना खेटून बांधलेली. ज्या घरात पोरगा तालमीत जातो त्या घरात पहाटे त्याच्या जोर-बैठका, दुपारची झोप, बदामाची थंडाई यांच्या वेळा ठरलेल्या असतात. ‘आज पाहुणे आलेत, तेवढी मेहनत राहू दे’ असं त्याला कुणी म्हणत नाही. गाणारेसुद्धा मेहनतच म्हणतात. तुझ्या दीड ते साडेतीनला घरात तोच मान मिळाला पाहिजे, आणि तो मागून नाही, सवयीनं मिळतो. दार लोट, बस. पहिले काही दिवस कुणीतरी ‘गॅसवालं आलंय’ म्हणून हाक मारेल. ‘साडेतीनला येते’ एवढंच म्हण, रागावू नको, खुलासा करू नको. महिन्याभरात घरचेच आल्या-गेल्याला सांगायला लागतात, ‘ती बसलीय.’

आणि क्लास? काढ, पण आठवड्यातून दोनच दिवस. रोज चार तास पोरांच्या पट्टीत ‘सा रे ग म’ म्हणून दाखवलंस की स्वतःसाठी गळा उरत नाही. कितीतरी चांगल्या मुली अशा क्लासात विरघळून गेलेल्या मी बघितल्यात. अलंकारच्या लेखी पेपरांची वाचनं मात्र बाळ मांडीवर असतानाही होतात, ती आत्ताच सुरू कर.

प्रश्न : मी बँकेत नोकरीला आहे. माझी पत्नी शास्त्रीय गायिका आहे, आकाशवाणीची श्रेणी आहे. मी तिला कधीच अडवलं नाही. पण बाहेरगावचा कार्यक्रम असला की रात्री एक-दीड वाजतो. नातेवाईक बोलतात. मुलगी सातवीत आहे, तिच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष होतं असं माझ्या आईचं म्हणणं. मी आणखी काय करायला हवं?
— एक पती, नागाळा पार्क

उत्तर : अडवत नाही हे ठीकच. आता जरा पुढचं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून तिच्याशी सिलिंडर, लाइट बिल, आत्याच्या नातवाचं बारसं यातलं काही बोलू नका. ती भाजी निवडत असली तरी डोक्यात बंदिशीची सम (तालाची पहिली मात्रा) शोधत असते. मुलीचा डबा, शाळेची व्हॅन, संध्याकाळचा अभ्यास हे त्या दिवशी तुमच्याकडे. ‘मदत’ म्हणून नव्हे, तुमचं काम म्हणून. सातवीतलं गणित बँकेतल्या माणसाला जमायला हरकत नाही. तुमच्या आईंची तक्रार अभ्यासाबद्दल आहे ना? मग अभ्यास घेतला की तक्रार मिटली. मिटली नाही, तर ती अभ्यासाबद्दल नव्हती, हे तुम्हालाही कळेल.

नातेवाइकांना उत्तर तुम्ही द्यायचं, तिनं नाही. सुनेनं दिलं की ते उद्धटपण होतं, मुलानं दिलं की विषय संपतो. अन्याय आहे, पण सध्या घरं अशीच आहेत.

पैशाचं बोलणं तिला करू द्या, पण कसं करायचं ते दोघांनी बसून ठरवा. आपल्याकडे आयोजक फोनवर म्हणतात, ‘ताई, घरचाच कार्यक्रम आहे.’ घरचा कार्यक्रम म्हणजे काय, तर मंडपवाल्याला पैसे, माइकवाल्याला पैसे, गाणाऱ्या बाईला शाल आणि नारळ. मानधन, तबला-पेटीच्या साथीदारांचं मानधन, गाडी आणि मुलीला सांभाळायला कुणाला बरोबर न्यायचं असेल तर त्यांचा प्रवास, हे चार आकडे तारीख देण्याआधी ठरले पाहिजेत. किशोरीताई आमोणकरांनी पुढं आयोजकांकडून मान-सन्मानाच्या बाबतीत जो कडकपणा ठेवला, त्यावर लोकांनी तोंडसुख घेतलं. आई मोगूबाईंबरोबर तंबोऱ्याला बसून त्यांनी लहानपणी काय बघितलं होतं, तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुणाच्या तरी घरी उतरणं, हातावर टेकवलेली बिदागी, ते त्यांनीच मुलाखतींतून सांगितलंय. वडील लवकर गेलेले, मोगूबाई तीन मुलांना एकटीनं वाढवत होत्या आणि तरी तालीम सुटू दिली नव्हती. मुलगी हे सगळं बघत असते. तुमचीही सातवीतली बघतेय.

रात्री एकचं म्हणाल तर आणखी एक काम आहे. मैफलीनंतर आयोजकाकडे जेवण असतं आणि आपल्या भागात जेवण म्हणजे तांबडा-पांढरा. गाऊन पोट रिकामं झालेलं, बारा वाजता मटणाचा रस्सा, घरी येऊन लगेच आडवं. पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज जाड, खरखरीत. मग घरात सगळे म्हणणार, ‘जागरणानं आवाज बसला, कशाला जावं एवढ्या लांब?’ जागरणाचा दोष निम्माच असतो. डब्यात दही-भात किंवा मऊ खिचडी द्या, ती गाण्याच्या दोन-तीन तास आधी खाऊ दे, आणि रस्सा दुसऱ्या दिवशी दुपारी. घरी आल्यावर तिला लगेच झोप लागणार नाही, राग डोक्यात फिरत असतो. त्या वेळी शेजारी बसून ‘कसं झालं?’ एवढं विचारलंत तरी पुष्कळ. तुम्ही श्रोत्यांत असाल तर घड्याळ बघू नका. स्टेजवरून सगळं दिसतं.

प्रश्न : माझी सून गाते. गुणाची आहे, तक्रार म्हणून लिहीत नाही. पण आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, ती पहाटे पाचला सुरू करते आणि वरच्या मजल्यावरचे बोलतात. दुसरं, गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, नेमक्या घरात माणसं येतात तेव्हाच हिचे कार्यक्रम. गेल्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी ही इस्लामपूरला. पुरणाचा घाट मी एकटीनं घातला. वय सहासष्ट. हे असंच चालायचं का?
— एक सासूबाई, शाहूपुरी

उत्तर : काकू, तुमचं पत्र मला सगळ्यांत आवडलं, कारण त्यात खोट नाही.

पहाटेचं सोपं आहे. रियाज म्हणजे मोठ्यानं गाणं नव्हे. खर्ज मुळात हलक्या आवाजात भरायचा असतो. शेजाऱ्यांच्या भिंतीला न लागलेल्या खोलीत, खिडक्या लावून, साडेसहापर्यंत फक्त खर्ज आणि त्यानंतर मोकळा आवाज, असं सुनेला सुचवा. वरच्यांना एकदा दिवाळीचा फराळ घेऊन तुम्ही दोघी जाऊन या. निम्मी भांडणं फराळानं मिटतात.

सणांचं मात्र खरं दुखणं आहे आणि ते तुमच्या सुनेनं तयार केलेलं नाही. लोकांना गाणं ऐकायला सवड मिळते तीच सणात. गणेशोत्सव, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट. घरातलं काम आणि गाणाऱ्याचा हंगाम एकाच पंचांगातून निघतात. शेतकऱ्यानं सुगीत घरी बसावं असं आपण म्हणत नाही, तसंच हे. तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन दोघींनी बसा. एक-दोन दिवस असे निवडा की त्या दिवशी तिनं कितीही मानधन मिळालं तरी घर सोडायचं नाही. गौरी जेवण त्यात घाला, हक्कानं घाला. बाकीच्या तारखा तिच्या. दिवाळी पहाटेला ती तिकडे गाणार असेल तर नातवंडांचं उटणं तुमच्या मुलाच्या हातून होऊ दे, त्यालाही हात आहेत. आणि पुरणाचा घाट सहासष्टाव्या वर्षी एकटीनं घालायचा नाही. आपल्या पेठा-पेठांत पुरणपोळ्या करून देणाऱ्या बायका आहेत. गौरीला त्यांच्या हातचं चालतं. न चालल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या सासूबाईंना सा रे ग म शिकवलेलं नव्हतं. लहानपणी संगीत नाटकांना नेलेलं होतं, तेवढंच कानाचं शिक्षण. दुपारी मी आत बसायची आणि त्या सोप्यात वाल सोलत. एकदा मुलतानी चालला होता आणि बाहेरून आवाज आला, ‘कुणाशी भांडून बसलीस काय गं? आज गळा रागावल्यावानी लागतोय.’ सकाळी धुण्याच्या बाईशी खरंच वाजलं होतं. मुलतानीतला कोमल रिषभ मी तोडून तोडून लावत होते. पाणी प्याले, पुन्हा बसले, मग जमलं. गुरूंची तालीम आठवड्यातून एकदा, पण हा कान घरातच, रोजचा. काकू, तुम्हीही ऐकता आहातच, पाच वाजता सुरू करते हे तुम्हाला घड्याळ न बघता कळतं ना? आवडलं तर तिला सांगा. आवडलं नाही तरी सांगा. आणि गौरीपुढच्या झिम्मा-फुगडीची गाणी तुम्हाला येत असतील तर ती सुनेला शिकवून ठेवा. ती तिला कुठल्याच परीक्षेत मिळणार नाहीत.

प्रश्न : वय बावन्न. वीस वर्षं शिकवतेय, अधूनमधून गाते. पाळी थांबल्यापासून आवाज जड झालाय, तार म्हणजे वरच्या सप्तकात चिरकतो. मुलं मोठी झाली, आता कुठे मला वेळ मिळालाय आणि आता गळा नाही म्हणतोय. चिडचिड होते.
— एक शिक्षिका, कळंबा

उत्तर : चिडचिडीचं कारण मला पुरतं पटतं. तरी ऐका. पाळी थांबल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, स्वरतंतूंवरचं अस्तर बदलतं, कोरडेपणा वाढतो आणि आवाज थोडा खाली सरकतो. पुष्कळ बायकांच्या बाबतीत हे होतं, मोठमोठ्या गायिकांच्याही झालेलं आहे. आपल्यात बोलत नाहीत, एवढंच. एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घ्या. घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला तर ही तपासणी टाळायचीच नाही, मग वय कितीही असो.

गळ्यात काही नाही असं निघालं की पट्टी उतरवा. काळी चारवरून काळी तीन, वाटलं तर पांढरी चार. इतकी वर्षं एका पट्टीत गायल्यावर मन तयार होत नाही, कमीपणा वाटतो, हे मी स्वतः अनुभवतेय. पण खालचे स्वर आता जे भरून येतात ते तिशीत येत नव्हते. गंगूबाई हनगलांचा आवाज तरुणपणी पातळ होता. घशाच्या उपचारानंतर तो इतका खाली आला की न बघता ऐकणाऱ्याला पुरुषाचा वाटावा. त्या आवाजात त्या पुढं कित्येक दशकं गायल्या. मागे बसून साथ करायची त्यांची लेक, कृष्णाबाई. तार सप्तकातली जी जागा मुद्दाम गाठायची ती लेकीनं गाठायची, असं ते जुळलेलं असायचं. तुमच्या शिष्यांमधली एखादी अशी मागे बसवा. तिचीही तालीम होईल.

विलंबित रागांना, दरबारीला, मालकंसाला, मंद्रातल्या आलापीला तुमची ही वर्षं आहेत. तराण्याचा आग्रह धरू नका.

प्रश्न : आमची मुलगी यंदा दहावीला आहे. गाण्यात चांगली आहे, बाई म्हणतात की पूर्णवेळ गाणं करू दे. आम्हाला भीती वाटते. पोट कसं भरणार आणि पुढं लग्न-संसाराचं काय? तिला बारावी सायन्सला घालावं का?
— आई-वडील, गडहिंग्लज

उत्तर : पोटाचं खरं सांगते. पहिली दहा वर्षं फक्त मैफलींवर घर चालत नाही. शिकवण्या, एखाद्या शाळेतली संगीत शिक्षिकेची नोकरी, नाट्यसंगीत-भक्तिसंगीताचे कार्यक्रम, परीक्षांची तयारी करून घेणं, असं जोडत जोडत चालतं. म्हणून पदवी हवीच. शिवाजी विद्यापीठात संगीताचा विभाग आहे, तिथं चौकशी करा. तिला सायन्सची आवड असेल तर तेही करू दे, सकाळी लॅब आणि संध्याकाळी तालीम करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. नसेल तर तिला त्यात कोंबू नका, दोन्ही वाया जातील.

लग्नाचं. याच गावात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णींनी लग्न केलं नाही. त्यांचे वडील शिक्षक. मुलीनं बैठकीत बसून गायचं नाही असा तो काळ, आणि त्या काळात ते तिला अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलाकडे, भुर्जीखाँसाहेबांकडे शिकायला घेऊन गेले. पुढं त्या त्याच घराण्याच्या केसरबाई केरकरांकडे शिकल्या आणि जन्मभर घराण्याची विद्या सांभाळत राहिल्या. दुसरीकडे माणिक वर्मा. त्यांना चार मुली. शास्त्रीय, ठुमरी, भावगीत, नाट्यगीत, सगळं गायल्या, आणि चौघी लेकी आपापल्या क्षेत्रात नावारूपाला आल्या. किशोरीताईंचे यजमान शिक्षक, दोन मुलगे. यातलं कुठलं आयुष्य तुमच्या मुलीचं, हे आज दहावीत तुम्ही किंवा मी ठरवायचं कारण नाही. फक्त पुढं स्थळं बघायची वेळ आली तर ‘गाण्याची आवड आहे’ असं बायोडेटात छंदाच्या रकान्यात लिहू नका. ‘गायिका आहे, रोज रियाज करते, कार्यक्रमांना बाहेरगावी जाते’ असं कामाच्या रकान्यात लिहा. निम्मी स्थळं तिथंच गळतील. गळू द्या.

तुमची भीती जाण्यासाठी एक करा. गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ सालापासून या गावात आहे. तिथं किंवा जवळपास एखाद्या तरुण गायिकेची बैठक असेल तेव्हा तिघं या, मागच्या रांगेत बसा. संपल्यावर गायिकेभोवती गर्दी असते, तिकडे जाऊ नका. तिच्या मागे तंबोऱ्यावर जी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बसली होती तिला गाठा. आजचे किती मिळाले, घरी किती वाजता पोचणार, न्यायला कोण येणार आणि उद्या सकाळी नोकरी कुठली, हे चार प्रश्न तिला विचारा. ती खरं काय ते सांगेल.